न पाहिलेलं रीडिंग

१३ एप्रिल २०२५, रविवार

आज ठरलं. माझी डावी किडनी दादाला द्यायची. म्हणजे तपासण्यांत मी पास झाले तर. श्वेताचा, दादाच्या मुलीचा, रक्तगट जुळत नाही, माझा जुळतो. वहिनी जाऊन चार वर्षं झाली. दुसरं आहे कोण? घरी ह्यांना सांगितलं तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तुहा भाऊ, तुही किडनी. मी सही कुठी करू ते सांग." रागच आला. बायकोची किडनी निघतेय, निदान पेपर तरी खाली ठेवावा माणसाने. नंतर आवरताना पाहिलं, पेपर कालचा होता.

हे सगळं आजपासून लिहून ठेवणार आहे, कारण पुढचे दोन महिने मला दादाशी रोज बोलावं लागणार आहे आणि आमचं बोलणं कधीच धड होत नाही. मी भूगोलाची मास्तरीण, पण चौदा वर्षं झाली भैय्याजींच्या साधना मंडळात आहे. पहाटे उठून जप केल्याशिवाय चहा घेत नाही. आणि दादा, शालिकराम, वय एकसष्ट, खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनमधून रिटायर, पक्का नास्तिक. आई गेली तेव्हा तेरवीला पिंडाला हात लावायला नाही म्हणाला, अख्ख्या गावासमोर. कुहीहून आलेले मामा उठून गेले. मी तीन वर्षं दादाशी बोलले नाही. त्याच्या आजाराचं कळलं तेव्हा बोलले.

सत्संग संपल्यावर भैय्याजींना विचारलं, नास्तिक माणसाशी बोलावं कसं? ते मूळचे काटोलचे, संत्र्याचे व्यापारी, आता धंदा मुलांच्या हवाली करून मंडळ चालवतात. म्हणाले, "ताई, तुमी त्याले समजवाले जाता. एकदा नुसतं विचाराले जाऊन पाहा. प्रश्न विचारा, अन् उत्तर आलं का चूप बसा." चूप बसणं मला जमत नाही हे त्यांना चांगलं माहीत आहे.

१६ एप्रिल, बुधवार

मानकापूरला दादाकडे गेले. मंगळ, गुरू, शनी त्याचं डायलिसिस असतं, म्हणून आज. हातपाय सुजलेले, चेहरा राखेसारखा. टेबलावर एक लिटरची पाण्याची बाटली, तिच्यावर मार्करने रेघा ओढलेल्या. दिवसभरात तेवढंच पाणी, त्यातच चहा आणि वरण. त्यापेक्षा जास्त झालं तर ते अंगात साठतं. शेजारी वही. वेळ, किती घोट, वजन, बीपी, सगळं टाइप केल्यासारख्या अक्षरात.

भैय्याजींचं ऐकून प्रश्न विचारला, "दादा, तू देव का मानत नाहीस?"

"छत्तीस वर्षं दर तासाले मीटरसमोर उभा राहून रीडिंग लिहिलं वं मी. दोस्त म्हणे, मागचंच टाक, काय फरक पडते. पण मी न पाहिलेलं रीडिंग कधी लिहिलं नाही. देव मले दिसला नाही, तं मी लिहीत नाही. झालं."

इथे चूप बसायचं होतं. पण मी म्हणाले की वीज तरी कुठे दिसते. तो म्हणाला, मीटरवर दिसते. मी म्हणाले, देवाचाही अनुभव येतो. तो म्हणाला, तुले येते तं तू लिही, माह्या वहीत काहून लिहून राहिली? मग माझा आवाज चढला, त्याचं बीपी चढलं, आणि श्वेताने मला चहाच्या नावाखाली स्वयंपाकघरात नेलं.

परत येताना ऑटोत रडायला आलं. हा माणूस मेला तर असाच मरेल, कोरडा. त्याच्यासाठी कोणी काही मागितलेलंसुद्धा नसेल.

२० एप्रिल, रविवार

संकल्प केला. कुणाला सांगितलेलं नाही, सांगायचा नसतोच. आजपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत अकरा दिवस, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. जी किडनी दादाच्या अंगात जाणार ती शुद्ध होऊन जावी. आणि तिच्यासोबत एवढंच व्हावं, की दादाने एकदा, एकदाच, स्वतःहून देवाला हात जोडावे.

मन खूप शांत झालं.

२४ एप्रिल, गुरुवार

त्रेचाळीस डिग्री. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. शाळेतून घरी येताना जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. कूलरसमोर बसून जप केला. तहान लागली की दादाच्या बाटलीवरच्या रेघा आठवतात. मला बरंच वाटतं, आपणही त्याच्यासारखंच सोसतोय म्हणून.

ह्यांनी दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना. म्हटलं, ऊन आहे. तेव्हापासून संध्याकाळी दिवा लावायच्या आत माठाचं पाणी भरलेला तांब्या माझ्या पाटाशी ठेवलेला असतो. ह्यांनी कामवाल्या बाईला सांगितलं असेल.

२९ एप्रिल, मंगळवार

काल रक्त-लघवी दिली होती, आज रिपोर्ट. क्रिएटिनिन, किडनीने बाहेर टाकायचं ते, एक पॉइंट चार. मार्चमध्ये रक्तगट पाहिला तेव्हा पॉइंट आठ होतं. लघवीत प्रोटीन, कीटोन. डॉक्टर म्हणाले, अशी किडनी काढता येणार नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासू, असंच आलं तर दुसरा दाता शोधा.

दुसरा दाता! कुठून आणायचा?

त्यांनी विचारलं, उपास वगैरे करता का, पाणी कमी पिता का? मी नाही म्हणाले. संकल्प उघड करायचा नसतो म्हणून नाही म्हणाले. चौदा वर्षांच्या साधनेत मी इतकं सरळ खोटं कधी बोलले नव्हते. आणि एकच दिवस उरलाय. आता मोडला तर दहा दिवस वाया जातील. देव परीक्षा बघतोय, दुसरं काय.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय्य तृतीया

सकाळी आईच्या नावाने घागर भरून ठेवली. मग श्वेताचा फोन, आत्या, बाबांनी लगेच बोलावलंय.

टेबलावर माझे दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवलेले होते. दादाने मला बस म्हटलं नाही.

"महिनाभरात चांगली किडनी अशी बसत नाही. एक तं मशीन चुकलं, नाही तं कोणी काही लपवून राहिलं. लॅबवाल्याले मी फोन केला, मशीन बरोबर आहे. बॉयलरमध्ये पाणी कमी झालं का आकडे असेच चढतात." मग माझ्याकडे पाहिलं. "आज किती पाणी पेली वं?"

मी वर पाहिलं. घड्याळात साडेबारा झाले होते.

"काल किती पेली?"

सांगितलं. अकरा दिवस, सूर्य मावळेपर्यंत पाणी नाही, आज शेवटचा दिवस. तुझ्यासाठी.

दादा खुर्चीवरून उठला. उठायला त्याला वेळ लागतो, तरी उठला. त्याच्या बाटलीचं झाकण काढलं आणि ग्लास काठोकाठ भरला. "पी."

"दादा, सहाच तास उरले आहेत."

"मले दिवसाले एक लिटर. जीव जळते माहा उन्हात, तं बर्फाचा तुकडा चोखतो अन् तो बी वहीत लिहितो. अन् तू धडधाकट असून पाणी सोडून बसली? पी म्हणतो ना!"

दादाचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मी पाणी पिऊन टाकलं. त्याने दुसरा ग्लास भरला, तोही प्यायले. बाटली तळाला गेली. संकल्प मोडला, अकराव्या दिवशी दुपारी, आणि मला त्याचंच इतकं वाईट वाटत होतं की दुसरं काही सुचत नव्हतं.

मग तो बसला. हळू आवाजात विचारलं, "मांगतलं काय?"

"तू वाचावंस म्हणून."

"अजून काय? तुले मी ओळखतो."

"तू एकदा देवाला हात जोडावेस."

त्याने रिकाम्या बाटलीला झाकण लावलं. श्वेता दारात उभी होती. शेवटी म्हणाला, "म्हणजे मी आहो तसा वाचलो, तं ते तुले पुरत नाही."

"असं कुठं म्हटलं मी?"

"माह्या नावानं तू न विचारता सही करून आली, देवकी. नोको मले तुही किडनी. डायलिसिसवर जितके दिवस जाईन तितके जाईन. ऊन उतरलं का घरी जा."

मी ऊन उतरायची वाट पाहिली नाही. कृतघ्न! मी माझ्या शरीराचा भाग कापून द्यायला निघाले आणि हा सह्यांच्या गोष्टी करतो. काय वाईट मागितलं मी? नमस्कार मागितला. जीव तर नाही मागितला.

२ मे, शुक्रवार

दादा फोन उचलत नाही. श्वेता म्हणाली, परवा रात्रभर त्याचे ओठ सुकले होते, त्या दिवशीचं पाणी आधीच संपलं होतं म्हणून. "बाबा असं कधी करत नाहीत, आत्या. रेघ चुकत नाहीत."

रेघ चुकली ती माझ्यामुळे. त्याचं दिवसभराचं पाणी मी प्यायले. हे मला आज कळलं, दोन दिवसांनी! मला, जी रोज सकाळी सगळ्यांसाठी प्रार्थना करते.

डायलिसिसवर त्याचं हृदय फार दिवस टिकणार नाही असं डॉक्टर म्हणालेत. श्वेताने ते दादाला सांगितलेलं नाही. त्याला माहीत असणार.

४ मे, रविवार

भैय्याजींना सगळं सांगितलं. सत्संगाची माणसं गेल्यावर, चपलांच्या रॅकपाशी उभं राहून. वाटलं होतं म्हणतील, संकल्प मोडला तर अमुक प्रायश्चित्त घ्या. ते म्हणाले, "ताई, नमस्कार आपला आपण कराचा असते. दुसऱ्याच्या हातचा कसा काय मांगतला तुमी?"

"त्याचं भलं व्हावं म्हणून."

"भलं तं किडनीनं होऊन राहिलं होतं." मग थोड्या वेळाने, "त्याचं कधी पुरतं आयकलं का?"

मला राग आला. त्यांच्यावर नाही, स्वतःवर, कारण उत्तर 'नाही' असं होतं.

घरी येऊन देवासमोर बसले. तळहातावर पाणी घेतलं आणि ताम्हनात सोडलं. म्हटलं, हात जोडण्याचं मी मागे घेते. दादा आहे तसा जगू दे. जन्मभर नास्तिक राहून जगू दे. खरं सांगायचं तर मन आतून थोडं रडत होतं की हे काय मागून बसलीस. पण मागितलं.

६ मे, मंगळवार

न विचारता डायलिसिसला जाऊन बसले. दादाने मान भिंतीकडे वळवली. चार तासांचं असतं ते. हातातून रक्त बाहेर येतं, मशीनमधून फिरतं, परत जातं. पंप गरगरत असतो. मी आजवर इथे एकदाही आले नव्हते. सत्संगाच्या वेळा, शाळेच्या वेळा, काहीतरी असायचंच.

दोन तास मी एक अक्षर बोलले नाही. एकदा त्याचं बीपी एकदम खाली गेलं, सिस्टर धावल्या, पाय वर केले, काहीतरी टोचलं. दादाचे डोळे मिटलेले आणि ओठ हलत होते. मला वाटलं, आता तरी.

तो सावरल्यावर विचारलं, "दादा, भीती वाटते तेव्हा तू काय करतोस?"

वाटलं खेकसेल. पण तो म्हणाला, "मोजतो. पंपाचे फेरे. शंभर झाले का पुन्हा एकापासून."

जिभेच्या टोकावर आलं होतं, अरे, हाच तर जप! चौदा वर्षांत इतका मोठा घास मी गिळला नसेल. गिळला. तो त्याचा शंभराचा हिशोब होता, तो ओढून माझ्या माळेत घालायचा नव्हता. म्हटलं, "मधेच आकडा चुकला तर?"

"मंग पुन्हा एकापासून."

"माझंही रोज चुकतं."

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तीस तारखेनंतर पहिल्यांदा.

मग आपणहून बोलला. "आईले शेवटचे चार महिने मी भरवलं. पेज, वरणाचं पाणी. तिनं गिळलं का नाही ते पाहून मंगच दुसरा चमचा. पिंड ठेवतानी भटजी म्हणे, म्हणा, आई जेवली. मले ते म्हणता नाही आलं. पाहिलं नव्हतं मी. आईच्या बाबतीत खोटं कसं लिहू वं?"

आठ वर्षं मी समजत होते की याला आईचं काही वाटत नाही. मी पिंडाला हात लावला होता आणि त्या चार महिन्यांत तिला किती वेळा भरवलं ते बोटांवर मोजता येईल. हे मी इथे लिहून ठेवते. त्याला सांगायची हिंमत झाली नाही.

मशीन सुटल्यावर, हाताला बोळा दाबून धरलेला असताना तो म्हणाला, "आठ दिवस नीट पाणी पी. अन् लिहून दाखव. मंग तपासणी कर." घेतो असं म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

१५ मे, गुरुवार

क्रिएटिनिन पॉइंट आठ. लघवी स्वच्छ. डॉक्टरांना उपासाचं खरं सांगितलं, त्यांनी शाळेतल्या पोरीसारखं झापलं. दादाने माझी पाण्याची वही तपासली. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाला, "हे तीन वाजताचं अंदाजे टाकलं तू." खरंच अंदाजे टाकलं होतं. पण रिपोर्ट त्याने आपल्या फाइलला लावला आणि ती श्वेताकडे दिली. हॉस्पिटलात नेऊन द्यायला.

२३ मे, शुक्रवार

आज परवानगी देणाऱ्या समितीसमोर मुलाखत. पाच माणसं, समोर कॅमेरा. श्वेताने बजावलं होतं, आत्या, सरळ उत्तरं द्या, जास्त बोलू नका.

नातं काय, कुणाचा दबाव आहे का, धोका समजला का. सगळं नीट चाललं होतं. मग अध्यक्षबाईंनी कागदावरचा पुढचा प्रश्न वाचला, "या अवयवाच्या बदल्यात तुम्ही काही मागितलं आहे का?"

नाही म्हणायचं होतं. सगळे नाहीच म्हणतात. पण एकदा डॉक्टरसमोर नाही म्हणून काय झालं ते मी पाहिलं होतं. तोंडातून निघालं, "मागितलं होतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. कॅमेरावाल्याने मान वर केली. श्वेता पांढरी पडली.

"काय मागितलं होतं?"

"त्याने देवाला हात जोडावे. तो नास्तिक आहे. मी ते परत घेतलं. पण मागितलं होतं."

एक डॉक्टर बाईंच्या कानाशी लागले. मला वाटलं, संपलं. माझ्या तोंडाने मी भावाला मारलं.

तेव्हा दादा बोलला. "मॅडम, ते माह्यापाशी नव्हतंच, तं देणार काय? अन् तिनं वापस घेतलं ते खरं आहे. मी पाहिलं."

"पाहिलं म्हणजे कसं?"

"सतरा दिवस झाले, रोज येऊन बसते. एकदा बी देवाचं नाव काढलं नाही. तुमाले अंदाज नाही मॅडम, तिले ते कितीक जड जाते."

आम्हाला बाहेर बसवलं. दीड तास. दादा भिंतीला टेकून पंखा बघत होता, बहुतेक फेरे मोजत होता. मी मनातल्या मनात जप करत होते. दोघांनी एकमेकांना काही विचारलं नाही. मग क्लार्क आला, परवानगी मिळाली म्हणाला, आणि मी तिथेच बाकावर हमसून रडले. दादा म्हणाला, "रडू नोको वं, पाणी जाते अंगातलं."

७ जून, शनिवार

बुधवारी ऑपरेशन झालं. आज पेन धरता येतंय. कुशीत टाके ओढतात, हसलं की जास्त. हे काल दिवसभर पलंगाशी बसले होते, पेपर न आणता.

माझी किडनी ऑपरेशनच्या टेबलावरच चालू झाली म्हणे, आता दादाने भरपूर पाणी प्यायचं, फक्त मोजून. दादा काचेच्या खोलीत आहे, जंतू लागू नयेत म्हणून कुणाला आत सोडत नाहीत. त्याने दुसऱ्याच दिवशी वही मागून घेतली. श्वेताने आज सकाळी काचेतून काढलेला त्या पानाचा फोटो दाखवला. अक्षर वेडंवाकडं, पण वेळा चोख. लघवी किती, बीपी किती. सगळ्यात खाली लिहिलं होतं, "देवकी", आणि पुढे जागा कोरी.

"मी दहादा सांगितलं त्यांना, आत्या बरी आहे," श्वेता चिडून म्हणाली. "म्हणतात, तू सांगतलं, मी पाहिलं नाही. इतकासुद्धा विश्वास नाही माणसाचा!"

महिन्यापूर्वी मीही हेच म्हणाले असते. आज ती कोरी जागा पाहून माझा जीव कासावीस झाला. तीन दिवसांपासून तो माणूस तिथे थांबून आहे.

सिस्टरला म्हटलं, मला उठवा. नको नको म्हणत तिने उठवलं. एका हाताने तिला धरून आणि दुसऱ्याने भिंत धरून मी त्या काचेपर्यंत गेले. दोनदा थांबावं लागलं. दादा उशीला टेकून बसला होता. चेहऱ्यावरची राख गेली होती. त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग वही घेतली. लिहून झाल्यावर पान उलटं करून माझ्याकडे धरलं. "११.२०. देवकी. चालत आली. स्वतः पाहिलं."

मी काचेला हात लावून उभी राहिले. हात जोडावेसे वाटले, ते मी माझे जोडले. तो बघत होता. मग त्याने शेजारचा ग्लास उचलला, काठोकाठ भरलेला, आणि माझ्याकडे बघत बघत तोंडाला लावला.

"काका, थांबा, मला मोजू द्या आधी!" आतली सिस्टर ओरडली, काचेतूनही ऐकू आलं. तोवर ग्लास रिकामा झाला होता.